राष्ट्रीय उद्यानाची सहल आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हूटगळ्ळी येथे झालेल्या पालक-मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलताना वक्त्याने मातृभाषा, संस्कृती आणि परप्रांतातील आपली वाटचाल यांवर बोलावे, असा रिवाज आहे. ते विषय माझ्याहून अधिकारी मंडळींनी या वर्षात उत्तम रीतीने मांडले आहेत. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. तेव्हा शाळेतलाच एक विषय आपल्यापुढे ठेवावा, असे मनात आले. आपल्या मंडळाची मुलांची सहल बहुतेक वर्षी नागरहोळ्याला किंवा बंदीपूरला जाते. त्या सहलीतून मुले काय घेऊन येतात आणि त्यांनी काय घेऊन यावे, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या दारावरून जाणारा हा रस्ता हुणसूरचा. येथून चाळीसेक किलोमीटरवर हुणसूर, आणि तेथून पुढे थोड्याच अंतरावर वीरनहोसहळ्ळी, म्हणजे नागरहोळ्याचे एक प्रवेशद्वार. दसऱ्याच्या आधी हत्तींचा ‘गजपयण’ सोहळा याच वीरनहोसहळ्ळीहून सुरू होतो, हे मुलांना मी सांगावे असे नाही. साडेसातशे किलो वजनाची सुवर्णअंबारी २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षे वाहणारा अर्जुन त्यांना घरच्या माणसासारखा माहीत होता. हा अर्जुन नागरहोळ्यातील बळ्ळे येथील छावणीत राहत असे. ४ डिसेंबर २०२३ रोजी हासन जिल्ह्यात एका रानटी हत्तीला पकडण्याच्या मोहिमेत तो मेला, तेव्हा आमच्या वर्गातील मुले रडली होती. अरण्याशी आपल्या मुलांचे नाते नाही, असे कोणी म्हणू नये. नाते आहे, त्या नात्याला ज्ञानाची जोड मात्र आम्ही शिक्षकांनी आणि तुम्ही पालकांनी पुरेशी दिलेली नाही.

याची कबुली प्रथम मीच देतो. अनेक वर्षे मी मुलांना सहलीला नेले आणि परतल्यावर ‘मी पाहिलेले अभयारण्य’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. निबंध सारे एकसारखे येत. पहाटे उठलो, बसमध्ये गाणी म्हटली, चितळांचे कळप दिसले, मोर दिसला, वाघ दिसला नाही म्हणून वाईट वाटले, डबा खाल्ला, परत आलो. शुद्धलेखन पाहून मी गुण देत असे. एका वर्षी एका मुलाने परतीच्या वाटेवर मला विचारले, “सर, वाघ दिसला नाही, तर तिकिटाचे अर्धे पैसे परत मिळतात का?” सारी बस हसली, मीही हसलो. पण त्या प्रश्नात त्याचा दोष नव्हता. आम्ही त्याला तिकीट काढून नेले होते आणि गिऱ्हाईक म्हणूनच परत आणले होते.

आता या दोन अरण्यांची थोडी पूर्वपीठिका सांगतो. १९३१ साली म्हैसूरच्या महाराजांनी बंदीपूर येथे ९० चौरस किलोमीटरचे राखीव उद्यान केले. दहा वर्षांनी त्याचा विस्तार सुमारे आठशे चौरस किलोमीटरांपर्यंत होऊन त्यास वेणुगोपाल वन्यजीव उद्यान असे नाव मिळाले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत कर्नाटकातील बंदीपूर होते, तसेच आपल्या महाराष्ट्रातील मेळघाटही होते. नागरहोळे १९५५ साली अभयारण्य झाले. पुढे वाढत वाढत सुमारे ६४३ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प झाले. १९७४ साली कबिनीचे धरण पुरे झाले आणि काकनकोट्याचे अरण्य त्या पाण्याखाली गेले. याच काकनकोट्यात हत्तींना घेरून पकडण्याचा ‘खेड्डा’ होत असे. तेथला शेवटचा खेड्डा १९७१ सालचा. म्हणजे राजांनी ज्या रानात शिकार केली आणि हत्ती धरले, त्याच रानात आज आपण तिकीट काढून जीपमध्ये बसतो. आपले मंडळही जवळपास याच काळातले. आपल्यातील वडीलधारी मंडळी नोकरीधंद्यानिमित्त येथे येऊन बिऱ्हाडे थाटीत होती, त्या सुमारास शेजारच्या अरण्याचेही नवे आयुष्य सुरू होत होते.

हे नवे आयुष्य संरक्षणाचे होते आणि ते फळाला आले, यात संशय नाही. २०२२ च्या गणनेत बंदीपुरात १५० आणि नागरहोळ्यात १४१ वाघ असल्याचा अंदाज निघाला. साऱ्या कर्नाटकात ५६३, महाराष्ट्रात ४४४. मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात. पण या आकड्यांच्या पाठीमागे कोणाची किती किंमत मोजली गेली, हे पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत सहसा मावत नाही.

ते मला एका विद्यार्थ्याने शिकविले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत सरगूर आणि हेग्गडदेवनकोटे तालुक्यांत वाघाच्या हल्ल्यांत शेतकरी मृत्युमुखी पडले. लोक संतापले. राज्य सरकारने नोव्हेंबरात बंदीपूर आणि नागरहोळे येथील सफारी थांबविल्या आणि तेथील माणसे वाघांच्या शोधमोहिमेला लावली. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या काही मुलांची ठरलेली सहल रद्द झाली. मी अजूनही शिकवणीसाठी काही मुलांना घरी बोलावतो. ती मुले हिरमुसून बसली होती. त्यांच्यातच हेग्गडदेवनकोट्याकडील एक मुलगा होता; तो येथे नातेवाइकांकडे राहून शिकतो. बाकीचे ‘आमची सहल बुडाली’ म्हणत होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, “आमच्याकडे कापूस वेचायला कोणी शेतात जात नाही. अप्पा सकाळी उशिरा जातात आणि उन्हे असतानाच परत येतात.”

खोलीत एकदम शांतता झाली. एकाच वाघाविषयी दोन मुले बोलत होती. एकाला तो दिसावा म्हणून हुरहूर होती, दुसऱ्याला तो दिसू नये म्हणून. मला वाटले, राष्ट्रीय उद्यानाचा धडा येथूनच सुरू झाला पाहिजे.

त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटले आणि वाघ रानाबाहेर का येतो, यावर बोलत बसलो. प्रत्येक वाघाला स्वतःचा मुलूख लागतो. संख्या वाढली की तरुण वाघ म्हाताऱ्या वा जखमी वाघाला हुसकून लावतो; तो कडेला येतो, आणि कडेला गुरे असतात, शेते असतात, माणसे असतात. सफारीच्या गाड्यांची आणि रानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या विश्रामगृहांची वर्दळ जनावरांना बाहेर ढकलते, असा गावकऱ्यांचा आरोप होता. दुसरीकडे, सफारी बंद पडली की चालक, वाटाडे, स्वयंपाकी यांचे पोट बंद पडते, आणि तेही बहुधा त्याच गावांतले असतात. मी मुलांना उत्तर दिले नाही. एका कागदावर शेतकरी, वनरक्षक, जीपचालक, प्रवासी आणि वाघ अशी पाच नावे लिहिली आणि प्रत्येकाला काय हवे आहे ते लिहावयास सांगितले. तासाभरात जे लिहून झाले, ते माझ्या वीस वर्षांच्या निबंधांहून अधिक मोलाचे होते.

साधनसंपत्तीचे व्यवस्थापन हा शब्द ऐकला की मुलांना जांभई येते. वास्तविक हा घरातला विषय आहे. महिन्याचा पगार किती, त्यात कोणाचा वाटा किती, उद्यासाठी काय राखावयाचे, हे घरातील गृहिणी रोज ठरविते. अरण्यातही पाणी, गवत, बांबू, लाकूड, मध, वाटा आणि शांतता एवढी मिळकत आहे. तिचे वाटेकरी कोण, हे मुलांना मोजून पाहू द्यावे.

पाण्यापासूनच प्रारंभ करू. ब्रह्मगिरीत उगम पावणारी लक्ष्मणतीर्थ नदी नागरहोळ्याच्या उत्तरेकडील रानाला बिलगून हुणसूरवरून वाहते आणि कृष्णराजसागराच्या जलाशयात कावेरीला मिळते. दक्षिणेकडे खुद्द नागरहोळे, म्हणजे नागासारखी वळणे घेत जाणारी नदी, कबिनीला जाऊन मिळते. म्हैसूर शहराला पाणी कावेरीचे आणि कबिनीचेच मिळते. तेव्हा अरण्य म्हणजे सुटीत जाण्याचे दूरचे ठिकाण, अशी मुलांची समजूत असेल, तर घरच्या नळाची तोटी सोडून त्यांना दाखवावी. पावसाचे पाणी धरून ठेवणारी ती जमीन उघडी पडली, तर तहान वाघाआधी आपल्याला लागेल.

कबिनीचा जलाशय तर स्वतंत्र धडाच आहे. धरणाने रान बुडाले, गावे उठली, हे खरे. पण उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठांवर कोवळे गवत उगवते आणि ते खाण्यासाठी हत्तींचे कळपच्या कळप तेथे जमतात. आशियाई हत्तींचे एवढे मोठे मेळावे जगात फार थोड्या ठिकाणी दिसतात. एकाच कृतीने नुकसानही झाले आणि नवे काही निर्माणही झाले. मुलांना ‘चांगले की वाईट’ असा एका शब्दाचा जबाब द्यावयाची सवय आम्हीच लावली आहे. ती मोडण्यासाठी कबिनीच्या काठासारखी जागा नाही.

आता घाणेरी पाहा. टणटणी म्हणून आपल्या गावाकडेही ती कुंपणाला असते. मुले तिची काळी फळे खातात. ही झुडपे मूळची अमेरिका खंडातील. इंग्रजी अमलात बागेच्या शोभेसाठी आणली गेली आणि रानात शिरली. बंदीपूर-नागरहोळ्यात तिने मोठमोठे पट्टे व्यापले आहेत. तिच्याखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून चितळाला चारा नाही, आणि वाळली की ती आगीला आयते सरपण होते. २०१९ च्या फेब्रुवारीत बंदीपुरात पेटलेल्या वणव्यात हजारो एकर रान जळाले. जीपमधून पाहणाऱ्या मुलाला घाणेरी म्हणजे ‘हिरवेगार जंगल’ वाटते. ‘हिरवे दिसते ते सारे रान नव्हे’, एवढे एक वाक्य तो शिकून आला, तरी सहलीचे पैसे फिटले. मलेमहादेश्वर बेट्टाच्या परिसरातील सोलिग लोक हीच घाणेरी तोडून तिच्यापासून खुर्च्या, मेज बनवितात. रानाचा उपद्रव कमी आणि हाताला काम, असा हा मार्ग आहे.

व्यवस्थापनात शहाणपण कोणाचे, हेही मुलांना कळले पाहिजे. त्यासाठी मी एक गोष्ट नेहमी सांगतो. आपले पुण्याचे माधव गाडगीळ बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. १९७० च्या दशकात कर्नाटकातील बांबू का संपत चालला, याचा त्यांनी अभ्यास केला. कागद गिरणीला टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने बांबू मिळे, आणि बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग पडे. जे फुकटासारखे मिळते त्याची काळजी कोण घेणार? दुसरी गोष्ट याहून बोधप्रद. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचे जाळे असते. ते काढून बेट ‘साफ’ करावे म्हणजे बांबू चांगला वाढेल, असा तज्ज्ञांचा दंडक होता. गावकरी म्हणाले, “साहेब, काटे काढले की कोवळे कोंब गुरे खाऊन टाकतात.” गाडगीळांनी प्रत्यक्ष पाहणी केली आणि गावकऱ्यांचेच म्हणणे खरे निघाले. पुढे १९८६ साली देशातील पहिले जीवावरण राखीव क्षेत्र नीलगिरी परिसरात घोषित झाले, त्यामागेही गाडगीळांचे परिश्रम होते. आपले बंदीपूर आणि नागरहोळे त्यातच येतात.

गावकऱ्यांचे नाव निघाले म्हणून सांगतो, नागरहोळ्यात जेनु कुरुब राहत आले आहेत. ‘जेनु’ म्हणजे मध. मध काढणारे, हत्तींना माणसाळविणारे हे लोक. उद्यान झाले आणि त्यांच्यातील अनेक कुटुंबांना बाहेर यावे लागले. काही पुनर्वसाहतींत गेली. काहींचा आजही रानातील आपल्या जागेवरचा हक्क सांगण्याचा झगडा चालू आहे. २०२५ च्या मे महिन्यात काही कुटुंबे आपल्या जुन्या वस्तीच्या जागी परत जाऊन झोपड्या बांधून राहिली. याच अरण्यात एका मोठ्या हॉटेल कंपनीचे विश्रामगृह उभे राहत होते. आदिवासींनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९९७ साली उच्च न्यायालयाने ते थांबविले. जेथे जन्मलेल्याला राहता येत नाही तेथे पाहुण्याला पलंग का मिळावा, हा त्यांचा प्रश्न होता. आपण परप्रांतात घर केलेली माणसे. घर सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून द्यावयास नको. मात्र आपण पोटासाठी का होईना, स्वतः निघालो होतो. हा फरक मुलांना सांगावा.

पर्यटनाला मर्यादा असावी का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. २०१२ च्या जुलैत व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रात पर्यटनास तात्पुरती बंदी झाली. ऑक्टोबरात ती उठली, पण नवे दंडक आले. त्यांतील एक असा की, गाभाक्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन असू नये. पाचवीच्या मुलाला सांगा, ६४३ चौरस किलोमीटरांचे २० टक्के काढ. उत्तर येते सुमारे १२९. मग विचारा, उरलेल्या पाचशे चौदा किलोमीटरांत कोण जाते? तेथे वनरक्षक पायी गस्त घालतो, आणि त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

दुसरे उदाहरण रस्त्याचे. बंदीपुरातून उटीकडे आणि वायनाडकडे जाणारे महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीस बंद आहेत. गाड्यांखाली जनावरे मरत होती म्हणून हा निर्णय झाला. केरळातील लोकांची त्यामुळे अडचण होते, व्यापाऱ्यांची होते. पर्याय म्हणून सुचविलेला मार्ग हुणसूर, गोणीकोप्प, कुट्टवरून जातो, म्हणजे आपल्या हूटगळ्ळीच्या पुढ्यातून. मुलांचे दोन गट करावे, एकाने ट्रकचालकाची बाजू मांडावी, दुसऱ्याने हत्तीची. नंतर बाजू बदलाव्यात. बाजू बदलणे हाच त्यातील खरा पाठ.

पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९१ सालचा आहे. कर्नाटक वनखात्याच्या ‘चिन्नर वन दर्शन’ या उपक्रमात सरकारी शाळांतील मुले अरण्यात नेली जातात. महाराष्ट्रात ताडोब्याच्या परिसरातील गावांत स्थानिक तरुण आणि स्त्रियाही वाटाडे म्हणून काम करतात. म्हणजे रान राखण्यात गावाचा फायदा आहे, हे गावाला दिसले पाहिजे, ही जाण दोन्हीकडे येत आहे. आपण मात्र मुलांना एवढेच सांगतो, की प्लॅस्टिक टाकू नका आणि गडबड करू नका. शिस्त हवीच, पण तेवढ्याने शिक्षण होत नाही.

आपल्या भाषेत या शिक्षणाला साहित्याचा तोटा नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ घरात असेल तर सहलीच्या आधी मोठ्याने वाचावे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. त्यांनी कोइमतूरला वनविद्येचे शिक्षण घेतले, आयुष्याचा बराच काळ विदर्भातील अरण्यांत काढला, आणि २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर काही महिन्यांतच ते गेले. जंगलातील आदिवासी हेच आपले गुरू, असे ते सांगत. या लेखकांनी दिलेले शब्द घेऊन आपली मुले नागरहोळ्यात गेली तर त्यांना फार परके वाटणार नाही. येथील कन्नड मुले ज्याला मत्ती म्हणतात तो आपला ऐन. होन्ने म्हणजे बिबळा. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू नागरहोळ्याच्या झाडांवरही उड्या मारतो. मुलांनी वहीत एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस कन्नड नाव लिहावे. दोन्ही नावे माहीत असलेल्या मुलाला हे रान दोनदा भेटते, आणि शेजारच्या कन्नड मित्राशी बोलावयास त्याच्याजवळ एक विषय येतो.

आता शेवटची विनंती. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने मुलांच्या सहलीची रीत थोडी बदलावी. सहलीच्या आधी एक दुपार नकाशा घेऊन बसावे: नद्या, रस्ते, गावे दाखवावीत. सहलीत एक तास सफारीचा असेल, तर एक तास रानाच्या कडेच्या गावात काढावा. शेतकऱ्याला हत्तीसाठी रुळांचे कुंपण का घातले ते विचारावे, वनरक्षकाला त्याच्या पायी गस्तीविषयी विचारावे. पुढारीपण मोठ्यांनी करू नये. प्रश्न मुलांनी विचारावेत. आणि परतल्यावर ‘मी पाहिलेले अभयारण्य’ हा निबंध कृपा करून लिहावयास सांगू नये. ‘हे रान कोणाचे?’ एवढेच विचारावे आणि कोरा कागद द्यावा.

हेग्गडदेवनकोट्याच्या त्या मुलाला मी विचारले आहे. पुढील सहलीत आपण त्याच्या गावी थांबू शकतो, असे त्याने वडिलांना विचारून सांगितले. त्याचे अप्पा आपल्या मुलांना शेत दाखवतील. कन्नडमध्ये बोलतील, दुभाष्याचे काम तो मुलगा करील. मंडळाने हे आमंत्रण स्वीकारावे, असा माझा प्रस्ताव आहे. सहल केव्हा न्यावयाची हे मात्र त्यांच्या शेतीच्या सोयीने ठरवावे, आपल्या सुटीच्या सोयीने नव्हे.